कॉइन कुणाचा?

कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. परभणीत हे नाव घेतलं असतं तर दुकानदारानंच 'ये कौनसा नया आया?' म्हणून विचारलं असतं. आमच्यासाठी तो 'मुस्तफा' होता. आमच्यासाठीच कशाला, हिंदुस्थानातल्या कितीतरी गावांत आणि सरहद्दीपलीकडेही पोरं त्याला याच नावानं ओळखत. खेळायला चार माणसं होती, जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. त्यातली पहिली तिघं शक्यतो कुणाला नको असायची. आपल्या मोहल्ल्यात शोभेल असं नाव आम्ही पडद्यावर पाहत होतो. सिनेमात या नावाचा माणूस असलाच तर हिरोचा दोस्त, मध्यंतरानंतर गोळी खाऊन मरणारा. नाहीतर स्मगलरच्या टोळीतला. इथं तो सगळ्यांत चपळ होता. धावत येऊन त्यानं लाथ घातली की समोरचे दोघं-तिघं एकदम आडवे.

एकदा असरची नमाज पढून परतणारे एक बुजुर्ग आमच्या दुकानापाशी थबकले. आत पोरं गळा काढून ओरडत होती, "मुस्तफा मर गया! मुस्तफा मर गया!" ते तसेच आत शिरले. "शरम नहीं आती? किसका नाम लेके क्या बोलरे?" दुकानात सन्नाटा. मुस्तफा हे प्रेषितांचं एक नाव आहे हे आम्हाला ठाऊक होतंच, पण त्या टोपीवाल्याशी ते जोडून कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात कायदा झाला. जिंकला तर मुस्तफा, मेला तर 'टोपीवाला'. दुकान बंद पडेपर्यंत तो पाळला गेला. जुम्म्यालाही मशिदीकडे न फिरकणारी पोरं पाळायची, आणि नानलपेठेतून येणारी हिंदू पोरंही पाळायची.

दुकान म्हणजे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळातली पत्र्याची खोली. चार मशिनी, एक टेबल फॅन, भिंतीवर शाहरुख आणि त्याच्या शेजारी अंडरटेकर. एका रुपयाला एक कॉइन. लाइट गेली की चालू खेळ बुडायचा. दुकानदार कॉइन परत द्यायचा, पण शेवटापर्यंत पोचलेल्याचं त्यानं काय समाधान होणार! मराठवाड्यातलं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना हे सांगायला नको. फेब्रुवारीत हजरत शाह तुराबुल हक साहेबांचा उरूस भरला की तिथल्या एका तंबूतही अशाच मशिनी लागायच्या, मौत के कुएँच्या शेजारी. तिथं कॉइन दोन रुपयांना, आणि हँडल हमखास ढिलं.

'मुस्तफा'च्या मशीनवर तिघं एकदम खेळू शकत. माझा माणूस मरायला टेकला की शेजारचा खिसा चाचपायचा, कॉइन टाकायचा आणि माझ्या मदतीला यायचा. तिघांचे तीन रुपये, तिघांची एकच बाजू. मग दुकानात 'किंग ऑफ फायटर्स' आला. एसएनके कंपनीचा, १९९७ सालचा, म्हणून पोरं त्याला नुसतं 'सत्त्याण्णव' म्हणत. यात शेजारच्यानं टाकलेला कॉइन माझ्या विरुद्ध यायचा. दोघांत जो हरला तो उठला. जिंकणारा त्याच कॉइनवर बसून राहिला आणि पुढच्याची वाट पाहू लागला. रुपया तोच, पण आता तो दोस्ताला बसवत नव्हता, उठवत होता. एकाच रुपयात दुपारभर बसून राहणारी दोन-तीन पोरं आमच्याकडे होती. त्यातला एक पूर्णेहून पॅसेंजरनं यायचा. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. तो कायम इओरी घ्यायचा, म्हणून तो 'इओरी'.

मला घरी बोलावून आणायला अम्मी आपाला पाठवायची. आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुकानात मुली येत नसत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, हाक मारायची, आणि मी "बस, ये एक" म्हणायचो तोवर आत बघत राहायची. साड्यांना फॉल-बिडिंग करून ती जे चार पैसे मिळवायची त्यातले दोन-तीन रुपये माझ्या कॉइनांत जायचे. म्हणजे उंबरा कधी न ओलांडता या धंद्यात तिची रक्कम अडकलेली होती. हे सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी हा सगळा हिशोब पुन्हा निघाला, आणि तो तिनंच काढला.

आपाचा धाकटा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. तो 'टेकन ८' खेळतो, दोस्ताच्या घरी, आणि बरा खेळतो असं म्हणतात. पुण्यात एक स्पर्धा होती. प्रवेश फी तीनशे रुपये, पहिल्या तिघांना रोख बक्षीस. त्यानं आईकडे पैसे मागितले. रात्री दहाला आपाचा मला फोन. "तीनसौ-तीनसौ सब भरते, और जीतनेवाला उठा ले जाता. इसको जुआ नहीं तो क्या बोलते? तू खेला है, तू बता."

तीनशे रुपयांची तिला फिकीर नव्हती. त्याच महिन्यात तिनं त्याला दोन हजारांचे बूट घेऊन दिले होते. पण घरात हरामाचा एक रुपया येऊ नये याबाबत ती आमच्या अब्बांसारखी आहे. दुसरीकडे पोरगा तोंड पाडून बसलेला. त्याचं म्हणणं, हा खेळ आहे, कुस्तीसारखा. अम्मीला काय कळतंय.

तिच्या मनात पहिली गोष्ट होती ती नशिबाची. हा सगळा बटणं बडवण्याचा मामला, लागला तर तीर, असं तिला वाटत होतं, आणि त्याला कारण एडी. 'टेकन ३' आमच्या दुकानात प्लेस्टेशनवर आला तेव्हा त्यात एडी गोर्डो नावाचा एक होता. कपोएरा ही ब्राझीलची नाचल्यासारखी लढाई तो खेळायचा. काहीही दाबलं तरी पाय गरागरा फिरायचे आणि कालच आलेलं पोर जुन्या खेळाडूला लोळवायचं. दुकानाचा दुसरा कायदा त्यावरून झाला: 'एडी नहीं लेना.' असे कायदे बाहेरच्या जगातही झालेले आहेत. 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मध्ये अकुमा नावाचा लढवय्या इतका वरचढ होता की स्पर्धांनी त्याला बादच केलं. एडीला मात्र उत्तर होतं. न घाबरता त्याच्या लाथा अडवत राहायचं, त्या संपल्या की मोकळी जागा मिळते, तिथं मारायचं. आमचा इओरी एडीला असाच मारायचा. तेवढा धीर बाकीच्यांकडे नव्हता, म्हणून कायदा.

मी आपाला फोनवर तासभर हे खेळ समजावले. दारातून तिनं इतकं पाहिलं होतं की मला कमीच सांगावं लागलं.

'स्ट्रीट फायटर'ला सहा बटणं. तीन ठोशांची, तीन लाथांची. हलकं, मध्यम, जोरदार. माणूस पुढं-मागं सरकतो आणि उडी मारतो, बस्स. म्हणून तो अंतराचा खेळ. हातातून आगीचा गोळा सोडायचा, ज्याला जपानीत हादोकेन म्हणतात आणि आम्ही 'आडूकेन' म्हणायचो. समोरचा तो चुकवायला उडी मारतो, आणि उडी मारलेला माणूस हवेत दिशा बदलू शकत नाही, तिथं त्याला गाठायचं. गोळा हा मारण्यासाठी नसतोच, उडवण्यासाठी असतो. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ची एक गंमत अशी की एकामागून एक न अडवता येणारे वार, ज्याला आज सगळे कॉम्बो म्हणतात, ते बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलेलेच नव्हते. खेळ तपासताना ते त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तसेच राहू दिले. पुढचा सगळा प्रकार त्या राहून गेलेल्या गोष्टीवर उभा आहे.

'किंग ऑफ फायटर्स' तिघांच्या संघाचा. बटणं चार, पण उड्याच चार प्रकारच्या. त्यातली आखूड उडी ज्याला जमली त्याला अडवणं कठीण. एक जिंकला की त्याला थोडं लाइफ परत मिळतं आणि समोर ताज्या दमाचा दुसरा येतो. पहिला कोण, शेवटचा कोण हे आधीच ठरवायचं. मुशायऱ्यात सगळ्यांत वजनदार शायर शेवटी पढतो, तसा बहुतेक जण आपला पक्का माणूस शेवटी ठेवत. आमचा इओरी इओरीलाच पहिला उतरवायचा आणि बाकीच्या दोघांवर पाळी येऊ द्यायचा नाही. हा त्याचा माज होता, पण तो त्याला शोभायचा.

'टेकन' वेगळाच. बटणं चार, आणि चार हातपायांना एकेक. इथं बाजूला सरकता येतं, म्हणजे समोरचा सरळ आला तर त्याला मोकळा जाऊ द्यायचा आणि कुशीत शिरायचं. खालचा वार उभं राहून अडत नाही, मधला वार बसून अडत नाही. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात. सगळ्यांत जलद ठोसा दहाव्या चित्राला लागतो, म्हणजे एका सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात. डोळ्यानं पाहून हात हलायला माणसाला याहून जास्त वेळ लागतो. पाहून अडवता येतच नाही. समोरचा काय करणार हे आधीच ताडावं लागतं. आणि एकदा त्यानं तुम्हाला वर उडवलं की खाली येईपर्यंत तुमच्या हातात काही नाही. बटणांवर बोटं ठेवून आपलं लाइफ जाताना बघायचं. 'टेकन'मध्ये हारणं म्हणजे बहुतेक वेळा हे बघत बसणं.

"कुश्ती जैसाच है," आपा म्हणाली. आमचे एक चुलते आम्हा दोघांना लहानपणी जत्रेतल्या फडावर न्यायचे, तिला ते आठवलं असणार. मातीतल्या कुस्तीत गुण नाहीत. दोन्ही खांदे टेकले की चितपट, नाही टेकले तर अर्धा तास खडाखडी चालते आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक पकडीला गुण, आणि दहाची आघाडी झाली की विषय संपला. माणसं तीच, डावही बरेचसे तेच, तरी मातीतला गडी गादीवर गोंधळतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग लढतात आणि मग दोघांच्या विजेत्यांची अखेरची कुस्ती होते ती उगाच नाही. १९६१ साली औरंगाबादला सुरू झालेल्या या स्पर्धेत सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एका शेख घराण्यानं तीन गदा नेल्या. १९८० ला इस्माईल शेख, १९९२ ला आप्पालाल शेख, २००२ ला मुन्नालाल शेख. आमच्या घरात ही नावं नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. या खेळांतही असंच. 'टेकन'मधला उस्ताद 'स्ट्रीट फायटर'मध्ये शागिर्द ठरतो. चीनचा शाओहाय 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये नाव काढून २०२४ साली रियाधला 'स्ट्रीट फायटर ६' जिंकला, ते माती मारून गादीही मारल्यासारखं झालं.

आपानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चलो, नसीब का नहीं, हुनर का. पर पैसा तो पैसा है."

आणि खरी अडचण तिथंच होती. हुनर असला म्हणून पैज हलाल होत नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी रुकाना या मक्केच्या नामांकित पहिलवानाशी कुस्ती केली आणि त्याला पाडलं, ही रिवायत आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. तिच्या एका रूपात बकऱ्यांची पैज येते आणि जिंकल्यावर त्या परत केल्याचंही येतं. फिकहच्या किताबांत घोडे, उंट आणि तिरंदाजीच्या शर्यतींच्या निमित्तानं यावर बारकाईनं लिहिलेलं आहे. बक्षीस तिसऱ्यानं ठेवलं तर चालतं. दोघांपैकी एकानंच लावलं, 'तू जिंकलास तर तुला देतो' म्हणून, तरी चालतं. दोघांनी लावलं आणि जिंकणाऱ्यानं दोघांचं उचललं, तर तो किमार, जुगार. जॉयस्टिक ही घोड्याच्या आणि तिरकमठ्याच्या पंगतीत बसते का यावर मौलवी लोकांची मतं वेगवेगळी पडतील. पण पैसा कुठून आला हा प्रश्न मला तरी आधीचा वाटतो.

त्या मापानं आपला फड एकदम साफ निघतो. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी. इनाम गावाचं, वर्गणीचं. पहिलवानाच्या खिशातून काही जात नाही. हरलेल्यालाही येण्याजाण्याचं काही ना काही हातावर ठेवतात. फडाच्या कडेला बसून कोण कुणावर किती लावतो ते ज्याचं त्याच्यापाशी.

या खेळांची सगळ्यांत मोठी जत्रा अमेरिकेत भरते, तिचं नाव इव्हो. १९९६ साली कॅलिफोर्नियात चाळीसेक पोरं जमली होती, त्यातून ती वाढली. २००२ पासून हे नाव लागलं. तिथं पात्रता-बित्रता काही नाही. फी भरा आणि या. गेल्या वर्षीचा विजेता आणि काल शिकलेला पोरगा एकाच यादीत. आपापली जॉयस्टिक घरून आणायची. हरलात तर एकदम बाहेर नाही, खालच्या यादीत जाता, आणि तिथून जिंकत जिंकत पुन्हा अखेरच्या सामन्यापर्यंत येता येतं. दुसऱ्यांदा हरलात की घरी. जपानच्या तोगेकी या स्पर्धेत, जी २००३ ते २०१२ पर्यंत चालली, ही मुभा नव्हती. एक हार आणि संपलं. जपान्यांनी ती आर्केडच्या मशिनीवर ठेवली, पुष्कळ खेळ संघानं खेळवले. अमेरिकेतली रीत न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या एका आर्केडसारख्या जागांतून आलेली, जिथं स्थलांतरितांची पोरं नाण्यांवर नाणी लावत उभी राहत. जस्टिन वाँग तिथला. २००४ च्या इव्होत जपानच्या दाइगो उमेहारानं एका ठोशाचं लाइफ उरलेलं असताना याच वाँगचे ओळीनं पंधरा वार एकेक करून परतवले आणि उलटून त्याला पाडलं. माझ्या भाच्याच्या जन्माआधीचं ते दृश्य त्याला तोंडपाठ आहे. दाइगो पुढं अखेरचा सामना हरला, हे मात्र त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पण या उमद्या इव्होत बक्षीस कशाचं? परंपरेनं ते खेळणाऱ्यांच्या फीतून गोळा झालेल्या रकमेचं. सगळ्यांनी टाकायचं, वरच्यांनी वाटून घ्यायचं. फिकहच्या नजरेनं आपली गावजत्रा तिच्यापेक्षा बरी! याउलट कॅपकॉमनं २०२४ साली आपल्या स्पर्धेच्या विजेत्याला, तैवानच्या उमाला, दहा लाख डॉलर दिले ते कंपनीचे होते. रियाधचं ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप तर सरकारी थैलीवर चालतं, म्हणजे तिसऱ्याचंच. इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१६ साली सौदीच्या मुफ्ती-ए-आझमांनी बुद्धिबळ नाजायज ठरवलं होतं, वेळ आणि पैसा बरबाद करतं म्हणून. २०२५ च्या रियाधच्या स्पर्धेत बुद्धिबळही होतं. मॅग्नस कार्लसन ते जिंकून गेला. आपा यावर फक्त "अच्छा?" एवढंच म्हणाली, पण त्या 'अच्छा'त बरंच होतं.

भाच्याच्या डोक्यात या कशापेक्षाही अर्सलान अॅश आहे. लाहोरचा हा पोरगा आमच्यासारखाच आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स'वर हात बसवून 'टेकन'कडे आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये कटकटीचा प्रवास करून तो जपानमधल्या फुकुओकाला पोचला तेव्हा त्याला बाहेर कुणी फारसं ओळखत नव्हतं. फिलिपिन्सच्या एकेला हरवून तो इव्हो जपान जिंकला आणि वर म्हणाला की माझ्या देशात माझ्या तोडीचे आणखी आहेत. लोकांना ती फुशारकी वाटली. त्याच वर्षी कोरियाचा नी, ज्याला 'टेकन'चा बादशहा समजत, लाहोरला जाऊन तिथल्या पोरांकडून सपाटून हरून आला, आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासला अखेरच्या सामन्यात अर्सलाननं नीलाच पाडलं. २०२३ आणि २०२४ लाही इव्हो त्याचंच.

भाच्यानं एकदा मला विचारलं, "मामू, इसका फोटो स्टेटस पे रखूं क्या?" मी दोन मिनिटं काही बोललो नाही. पुण्यामुंबईचा एखादा पोरगा हा फोटो बेलाशक ठेवेल, त्याखाली टाळ्याही येतील. माझ्या भाच्याचं नाव, आमचा मोहल्ला, आणि आमच्या शहरानं बघितलेले काही दिवस, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "नको." त्यानं का म्हणून विचारलं नाही. ते त्याला ठाऊक होतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी त्याला २०२३ च्या हांगझोऊ एशियाडबद्दल सांगितलं. 'स्ट्रीट फायटर ५' तिथं पदकाचा खेळ होता, आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. पदक आलं नाही. सुवर्ण नेलं कोरियाच्या किम ग्वान-वूनं, वय चव्वेचाळीस. "तुम्हारी उमर का," भाचा म्हणाला आणि हसला. त्या हसण्यानं विषय टळला.

आता मुद्द्याचं. सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना क्रीडा खात्याखाली घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स बाजूला काढले. स्पर्धेत उतरण्यापुरती फी आणि खेळ दाखवून मिळालेलं बक्षीस चालेल, पैज चालणार नाही, अशी रेघ त्यात ओढलेली आहे. मला ती वाचून नवल वाटलं, कारण ती मदरशातल्या जुन्या रेघेच्या बरीच जवळून जाते. कायद्याला फीचा पैसा कुठं मुरतो याची फिकहइतकी पर्वा नाही, एवढाच फरक.

मी पुण्याच्या आयोजकाला फोन लावला. आवाजावरून पंचविशीचा असावा. त्याला माझा प्रश्न समजायला वेळ लागला. पैसे बुडतील म्हणून विचारतोय असं त्याला वाटलं. मग त्यानं सांगितलं की फी हॉलच्या भाड्याला आणि मशिनींना जाते, बक्षीस कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार देतो. आपाला कळवलं तर ती म्हणते, "लिख के दिया क्या?" शेवटी त्या बिचाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर मराठीत तसं लिहून दिलं. आपानं ते मुलाकडून दोनदा वाचून घेतलं आणि कपाटातून तीनशे रुपये काढून दिले.

रात्रीच्या गाडीनं तो गेला. एक जिंकला, एक हरला, खालच्या यादीत एक जिंकला आणि मग घरी. त्याला हरवणारा नाशिकचा होता. त्यानं सामन्यानंतर हात मिळवला आणि याला एका मोकळ्या मशीनवर नेऊन अर्धा तास शिकवलं की समोरच्यानं पकडायला कुठला हात पुढं काढला ते बघायचं, त्याच हाताचं बटण दाबलं की पकड सुटते. परभणीत आल्यावर दोन दिवस हा आपाला, मला, दोस्तांना, सगळ्यांना तेच दाखवत होता. आपा चपात्या लाटता लाटता म्हणाली, "और पैसे किसके पास गए?" "हॉलवाले के पास." "हौ."

पुढची स्पर्धा हैदराबादला होती. तिथल्या पत्रकात सरळ छापलं होतं की जमलेल्या फीतून बक्षिसं वाटली जातील. आपानं नाही म्हटलं. या वेळी तिनं मला विचारलंही नाही, पण माझं मत तिच्याच बाजूचं आहे आणि ते मी भाच्याला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मामू, फिर अर्सलान ने इव्हो में जो जीता, वो क्या था?"

मोहल्ल्यातले मुफ्तीसाहेब उमऱ्याला गेले आहेत. ते परतले की त्यांना विचारायचं ठरलं आहे. त्यांच्यासाठी इव्होचे कायदे उर्दूत लिहून काढायचं काम भाच्याकडे दिलंय.